खडक्याच्या गळ्यातलं लोढणं

बाभळीचा दीड वीत लांबीचा ओंडका, मधोमध एक भोक आणि भोकातून ओवलेली दोरी, एवढाच काय तो माझा पसारा. लोढणं म्हणतात मला. मित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी मला पाहिलं असेल कोण जाणे. गावाकडे पळपुट्या गुराच्या किंवा उनाड कुत्र्याच्या गळ्यात मला अडकवतात. जनावर सावकाश चाललं तर मी त्याच्या पुढच्या पायांपाशी नुसता झुलतो. ते पळायला लागलं की मी त्याच्या गुडघ्यांवर आपटतो. काम एवढंच, आणि त्याला अक्कल लागत नाही. एखाद्याला नको असलेली जबाबदारी पत्करावी लागली की लोक म्हणतात, गळ्यात लोढणं आलं. ते कुणी कौतुकानं म्हणत नाही.

आता मी म्हातारा झालो आहे. माझी साल कधीच गेली आणि भोकाच्या कडा दोरीनं झिजल्या. माझ्या अंगावर दातांच्या खुणा आहेत. त्या ज्याच्या आहेत, त्याची आणि त्याला शिकवणाऱ्या बाईची गोष्ट मी सांगणार आहे. माझी स्वतःची अशी वेगळी गोष्ट नाही.

माझा जन्म म्हसवडपासून दोन कोसांवरच्या एका माळावरचा. तिथे एक जुनी बाभळ होती आणि मी तिची खालची फांदी होतो. बाभळीजवळ धनगरांची दोन खोपटं होती. एक कोंडीबाचं, दुसरं त्याच्या धाकट्या भावाचं, गुंडाचं. पावसाळाभर ही माणसं माळावर राहायची आणि कार्तिक सरताना म्हसवडच्या सिद्धनाथाची यात्रा झाली की मेंढरं घेऊन खाली बागायती मुलखाकडे उतरायची. तिकडे शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवली की रानाला लेंडीखत मिळतं आणि धनगराला धान्य मिळतं. कोंडीबाचं ठिकाण वर्षानुवर्षं ठरलेलं होतं, आष्ट्याच्या नानासोंचा मळा.

दोघा भावांची मेंढरं एकाच माळावर चरायची, पण कळप वेगळे. ते ओळखायचे कानांवरून. कोंडीबाच्या मेंढरांच्या डाव्या कानाला एक खाच असायची, गुंडाच्या मेंढरांच्या उजव्या कानाचं टोक कापलेलं असायचं. कोकरू महिनाभराचं झालं की त्याचा मालक खूण करायचा. शेतकऱ्याकडे सातबारा असतो, तशी धनगराकडे ही खाच.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. कोंडीबाची साठ मेंढरं होती, त्यांची एकोणीस राहिली. म्हातारं राखणीचं कुत्रं गेलं. कोंडीबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागला. एका दुपारी छातीत कळ आली म्हणून तो खडीच्या ढिगाला टेकून बसला, तो परत उठलाच नाही. ढिगाच्या आडोशाला एक कुत्री व्याली होती आणि तिचं एक पिल्लू कोंडीबानं त्याच आठवड्यात स्वतःसाठी धरून ठेवलं होतं. भावाची हातोडी आणि भाकरीचं फडकं आणायला गेलेल्या गुंडानं ते पिल्लूही आणलं आणि वहिनीच्या पुढ्यात ठेवलं. खडीत जन्मलं म्हणून त्याचं नाव खडक्या पडलं.

कोंडीबाची बायको सुलाबाई रडली नाही. शेजारच्या बाया म्हणाल्या, उद्या रडेल. ती दुसऱ्या दिवशी रडली नाही आणि तेराव्यालाही नाही. ती उठत होती, भाकऱ्या थापत होती, मेंढरांना पाण्यावर नेत होती. पण कुणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेला ओ द्यायची. जेवताना घास हातातच राहायचा आणि समोर बसलेलं माणूस बोलून थांबलं तरी तिला ते कळायचं नाही. त्या नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. मी झाडावरून हे सगळं बघत होतो आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. लाकूड असंच जगतं.

पाऊस लागला, माळ हिरवा झाला आणि एके दिवशी गुंडा बाभळीखाली येऊन टेकला. माणूस वाईट नव्हता. भावाच्या मागं वहिनीचं कसं व्हायचं, ही काळजी त्याला खरोखरच होती.

"वैनी," तो म्हणाला, "एकोणीस मेंढरांसाठी येगळा कळप कशाला? माझ्यात घाला. तुमी चुलीकडं बगा, रानाकडं मी बगतो."

सुलाबाईनं चरणाऱ्या मेंढरांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आन कोकरं हुतील त्यांच्या कानाला कुनाची खूण?"

"एका कळपात दोन खुणा कशा चालतील, वैनी? माझीच पडंल की."

"मंग न्हाई."

गुंडाला कळलं. मलाही कळलं. डाव्या कानाची खाच बंद झाली असती तर चार-पाच वर्षांत कोंडीबाची जुनी मेंढरं संपली असती आणि त्याच्यामागं त्याचं म्हणून काहीच राहिलं नसतं. सुलाबाईला दुसरं काही नको होतं. तिला ती खाच पाहिजे होती.

"आवं, पर बाईमानसानं एकटीनं कळप राखायचा म्हंजी कुत्रं लागतं," गुंडा म्हणाला. "आन ते बी शिकलेलं."

"ह्ये हाय की."

गुंडानं खाली पाहिलं. खडक्या त्याच्या वहाणेचा अंगठा चावत बसला होता आणि अर्धा अंगठा पोटातही गेला होता.

"ह्ये?" गुंडाला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. "बरं, यात्रंपतुर बगू. म्हसवडात नाथाचा रथ निघायच्या आत ह्या कुत्र्यानं तुमची मेंढरं पाणंदीतनं काढून दाखवावी. एक तोंड बी ज्वारीला लागता कामा नये. जमलं तर तुमी येगळ्या. न्हाई जमलं तर मेंढरं माझ्यात."

"बरं," सुलाबाई म्हणाली.

पाणंद म्हणजे दोन शेतांमधली चिंचोळी वाट. खाली उतरायला तीच एक वाट होती. कार्तिकात तिच्या दोन्ही अंगांना ज्वारी गुडघ्याएवढी हिरवीगार उभी असते आणि मेंढरांच्या तोंडाला नुसतं पाणी सुटतं. दोन मेंढरं रानात शिरली की मागोमाग सगळी शिरतात. मग शेतकरी काठ्या घेऊन येतात आणि पुढच्या साली ती वाट बंद होते. ज्याला पाणंद जमली, त्याला कळप जमला.

सुलाबाईनं शिकवायला सुरुवात केली. धनगर कुत्र्याला कसं वाढवतात, तुम्हाला ठाऊक आहे का, मित्रांनो? पिल्लू मेंढीच्या दुधावर वाढवतात आणि कोकरांबरोबर वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळीच्या कुंपणात, निजवतात. त्याच्या अंगाला मेंढरांचाच वास लागतो. पुढे सुलाबाईनं खडक्याला एका म्हाताऱ्या मेंढीच्या गळ्याशी लांब दोरीनं बांधलं. कळप कसा चालतो, कुठं थांबतो, पाण्यावर कसा उतरतो, हे त्यानं तिच्यामागं फिरून शिकायचं. ती मेंढी मोठी खाष्ट होती. खडक्या फुलपाखरामागं धावला की ती चारी पाय रोवून उभी राहायची आणि तो दोरीला हिसका बसून उताणा पडायचा. सहा दिवसांत त्यानं फुलपाखरांचा नाद सोडला.

कोंडीबा जीभ टाळूला लावून टकटक वाजवून आणि शिट्या घालून कुत्र्याशी बोलायचा. सुलाबाईला यातलं काहीच येत नव्हतं. तिनं तीनच शब्द घेतले. वळसा घालायचा असला की 'फिर', जागीच राहायचं असलं की 'थांब', मागं राहिलेलं मेंढरू आणायचं असलं की 'आण'. दिवसभरात ती एवढंच बोलायची, आणि तेही कुत्र्याशी.

श्रावणात घोटाळा झाला. खडक्या सहा महिन्यांचा झाला होता, पायांत वारं भरलं होतं. 'आण' म्हटल्यावर तो सुटला तो सरळ कळपाच्या मधून गेला. मेंढरं चहूकडे उधळली. त्याला वाटलं हा खेळच आहे. त्यानं एका कोकराचा मागचा पाय धरला आणि सुलाबाई धावत जाऊन पोहोचेपर्यंत पायातून रक्त आलं होतं.

गुंडानं कोकराचा पाय पाहिला, खडक्याचं तोंड पाहिलं आणि तो गंभीर झाला. "वैनी, ही खोड वाईट. वाढली तर ह्ये कुत्रं राखणीचं न्हाई, लांडग्याचा भाऊ हुईल. एकतर माळापल्याड नेऊन सोडा, न्हाईतर लोढणं बांधा. लोढण्याबिगर ह्ये शिकायचं न्हाई."

"बांधा," सुलाबाई म्हणाली.

त्याच दुपारी गुंडा कुऱ्हाड घेऊन बाभळीवर चढला. अशा तऱ्हेनं मी कामाला लागलो. लोखंडाची सळई चुलीत लाल करून त्यानं माझ्या मधोमध भोक पाडलं, घायपाताची नवी दोरी ओवली आणि खडक्याच्या गळ्यात मला बांधून टाकलं. खडक्यानं मला हुंगलं. मग चावून पाहिलं. मग तो पळायला गेला आणि तोंडावर आपटला.

सुलाबाई म्हसवडच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. तिकडे सिद्धनाथाचं देऊळ आहे. तिनं हात जोडले आणि म्हणाली, "नाथा, ह्ये कुत्रं शानं हू दे. रथाच्या दिशी तुज्या पायरीवर आनून ह्येचं लोढणं सोडीन." एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून कित्येक महिन्यांत निघालं नव्हतं. माणसं नाथाला नारळ बोलतात, तोरण बोलतात. ती लोढणं सोडायचं बोलली.

पहिल्या आठ दिवसांत मी त्याचे गुडघे सोलून काढले. मला त्याचं काही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू? मी हलत होतो आणि मध्ये गुडघे येत होते, एवढंच. पण पळता येत नाही म्हटल्यावर खडक्याला डोकं चालवावं लागलं. मेंढराच्या मागून धावून उपयोग नाही, त्याच्या पुढे जाऊन उभं राहावं लागतं, हे त्याला हळूहळू उमगलं. तो लांबून, सावकाश, मोठा वळसा घालून येऊ लागला. अंगावर धावून न येणाऱ्या कुत्र्याला मेंढरं बुजत नाहीत. शिवाय मी दगडांवर खडखड वाजत असायचो. त्या आवाजाची त्यांना इतकी सवय झाली की खडखड कानावर आली की चरणारी मेंढरं आपोआप माना वर करून एकमेकांजवळ सरकायची. हे खडक्याला कळलं होतं की नाही, सांगता येत नाही. सुलाबाईच्या अजून ध्यानात आलं नव्हतं.

संध्याकाळी ती त्याला पुढ्यात घ्यायची आणि वाटीत करडईचं तेल नि हळद कालवून त्याचे गुडघे चोळायची. तेव्हा मला ती उचलून एका बाजूला, स्वतःच्या मांडीवर ठेवायची, म्हणजे माझं वजन त्याच्या मानेला लागू नये. खडक्या तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. तिच्या चेहऱ्यावर काही नसायचं, तरी तो बघायचा.

दिवाळीच्या पाडव्याला ती गुंडाला म्हणाली, "भावजी, चला पाणंदीवर."

गुंडा पाणंदीच्या तोंडाशी दगडावर जाऊन बसला. पाठीमागं सुलाबाई, पुढं एकोणीस मेंढरं आणि बाजूला खडक्या. उजवीकडचं एक मेंढरू ज्वारीकडे तोंड न्यायच्या आत तो तिथं होता. डावीकडे दोन मेंढ्यांनी मान लांब केली, तर तो मधून न घुसता मागून वळसा घालून त्यांच्या आणि ज्वारीच्या मध्ये जाऊन उभा राहिला. भुंकला नाही, दात दाखवले नाहीत. सुलाबाईला सगळ्या वाटेत दोनदाच 'फिर' म्हणावं लागलं. मेंढरं पलीकडे बाहेर पडली तेव्हा ज्वारीचं पानसुद्धा तुटलं नव्हतं.

गुंडा उठला आणि त्यानं खडक्याच्या डोक्यावर हात ठेवला. "दादानं बगाया पायजे व्हतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "वैनी, तुमी येगळ्या. माझा शब्द हाय. आन ह्ये लोढणं काढा आता. कुत्रं तयार हाय, उगं वझं कशाला?"

"रथाच्या दिशी काढीन."

"त्येला अजून लय दिस हाईत की."

"नाथाला बोललेय, भावजी. पायरीवर सोडीन म्हनून बोललेय. आधी कसं काढू?"

नवसाच्या पुढे गुंडा काय बोलणार? आणि मित्रांनो, इथे मला एक कबुली द्यायची आहे. मला बरं वाटलं. काढलं असतं तर मी कुठेतरी कोपऱ्यात पडलो असतो. खडक्या शहाणा झाला त्यात आपलाही वाटा आहे, असं मला वाटायला लागलं होतं.

साडेतीन आठवडे गेले. रथाला चार दिवस राहिले होते. दुपारची वेळ होती. कळप ओढ्याच्या कडेला चरत होता आणि सुलाबाई थोडी वर, उंचवट्यावर बसली होती. ओढ्यापलीकडे एक लांडगा उघड्यावर येऊन उभा राहिला. लांडगे जोडीनं शिकार करतात. एकजण समोर येऊन कुत्र्याला आपल्यामागं ओढतो आणि दुसरा मागून कळपात शिरतो. जुन्या कुत्र्यांना ही चाल ठाऊक असते. खडक्या दहा महिन्यांचा होता.

तरी तो फसला नाही. तो पलीकडच्या लांडग्याकडे दोन उड्या मारून थांबला, त्यानं मागं पाहिलं आणि बोरीच्या जाळीतून येणारा दुसरा त्याला दिसला. तो वळला. एवढ्या दिवसांत प्रथमच तो सगळा जीव काढून पळाला. मी त्याच्या गुडघ्यांवर ताडताड आपटत होतो, तरी तो पळत होता. त्यानं बोरीच्या मुळांवरून उडी घेतली. दोन मुळं जमिनीतून वर आली होती, त्यांच्या बेचक्यात मी आडवा अडकलो.

दोरी ताणली गेली आणि तो जागच्या जागी पडला. लांडगा चार हातांवर होता. त्याला मेंढरांकडे जायची गरजच उरली नाही.

मी अडकलो होतो. मला हलता येत नव्हतं. लाकडाला हलता येत नाही, हे मला जन्मापासून ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा कळला.

सुलाबाई काठी घेऊन ओरडत खाली आली. लांडगे निघून गेले. एकही मेंढरू गेलं नव्हतं, कारण दोघेही कुत्र्यातच गुंतले होते. ती गाठ सोडायला बसली. चार महिन्यांच्या पावसापाण्यानं आणि आता बसलेल्या हिसक्यानं गाठ दगडासारखी झाली होती. तिनं नखांनी पाहिलं, दातांनी पाहिलं, मग कमरेचा विळा काढून दोरी कापली.

खडक्या उठून उभा राहिला. त्याच्या मानेतून आणि कुशीतून रक्त गळत होतं. गळ्यात काही नाही हे त्याला कळलं असावं, कारण त्यानं एकदा मान झटकली. कळपापासून दोन मेंढरं फुटून ओढ्यात उतरली होती. सुलाबाई काही म्हणाली नाही. तो लांबून वळसा घालून गेला, त्यांना वर घेऊन आला, कळपात घातलं आणि मग तिच्या पायांशी येऊन पडला. ऊन उतरायच्या आत तो गेला.

ती त्याच्याजवळ बसून होती. रडली नाही. तिनं विळ्यानं जमीन उकरली, त्याला पुरलं आणि वर दगड रचले, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून. दगड रचताना एक छोटा, एक मोठा असे नीट बसवत होती. जणू घराची भिंतच बांधायची आहे.

मग मुळांतून मला ओढून काढलं, तुटक्या दोरीनं धरलं आणि ती खोपटाकडे निघाली. हात खाली सैल सुटलेला होता. मी तिच्या मागं जमिनीवर आपटत होतो, खडखड वाजत होतो. थोड्या वेळानं तिनं मागं पाहिलं. एकोणीस मेंढरं माना वर करून, एकमेकांना चिकटून, माझ्या आवाजामागं येत होती.

गुंडाला त्या संध्याकाळी सगळं कळलं. पाणंद जमली होती खरी, पण आता कुत्रं नव्हतं. त्यानं कळप एकत्र करायचा विषय काढला नाही. "चार दिस जाऊ द्या, वैनी, मंग बोलू," एवढंच म्हणाला. सुलाबाईनं मान हलवली. ती त्या वर्षी यात्रेला गेली नाही.

रथाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला नवी दोरी बांधली आणि दोरीचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं. गुंडा बघत उभा राहिला. ती मेंढरं घेऊन पाणंदीत शिरली. उजवीकडचं मेंढरू ज्वारीकडे वळलं की ती त्या अंगाला सरकायची, मी त्या अंगाला खडखडायचो आणि मेंढरू आत यायचं. डावीकडे वळलं की डावीकडे. तिला घाई नव्हती. ती खडक्यासारखीच लांबून, सावकाश वळसा घालत होती. तो तिच्याकडून शिकला, की ती त्याच्याकडून, ते मला आता सांगता येणार नाही. वाट संपली तेव्हा ज्वारी उभीच होती.

गुंडा मागून चालत आला. त्यानं डोक्यावरचा पटका काढून तोंड पुसलं. "जावा वैनी," तो म्हणाला. "तुमी येगळ्याच जावा."

अशी ती आष्ट्याला गेली. नानासो मळ्याच्या बांधावर उभे होते. त्यांना कोंडीबाची बातमी कळली होती. ते काही बोलणार होते, तेवढ्यात त्यांची नजर तिच्या कमरेकडे गेली. "सुलाबाई, आवं कुत्र्याचं लोढणं तुमी कशापायी बांधलंय?"

"कुत्र्याला जड झालं व्हतं," ती म्हणाली. "आन माझं वझं माझ्याकडंच हाय ते बरं हाय."

नानासोंनी मेंढरांना जागा दाखवली.

त्या हंगामात माझं फार कौतुक झालं, मित्रांनो. इतर धनगर मला बघायला यायचे. लोढण्यानं कळप राखला, म्हणायचे. एका म्हातारीनं मला हळदकुंकू लावलं. उभ्या आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढंच, आणि ते मला नको होतं. मेंढरं माझं ऐकत नव्हती. ती खडक्याची वाट बघत होती. मी त्याचे गुडघे सोलले, मी त्याला बेचक्यात धरून ठेवलं, आणि आता त्याच्या नावावरचं कुंकू माझ्या कपाळावर. मी लाकूड आहे, मला रडता येत नाही. पण वाईट वाटतं. ते तेव्हा कळलं आणि त्यानंतर ते गेलेलं नाही.

फाल्गुनात सात कोकरं झाली. ती महिन्याची झाली तेव्हा सुलाबाईनं नवऱ्याची जुनी सुरी घासली आणि सातही डाव्या कानांना खाच पाडली. कोकरं ओरडली, तिनं खाचांना हळद लावली आणि त्यांना आयांकडे सोडून दिलं. जे तिला पाहिजे होतं ते तिला मिळालं. त्या रात्री जेवताना मात्र पुन्हा घास हातातच राहिला.

खडक्या गेल्याला तीन वर्षं होत आली तेव्हा, शहात्तर साली, गुंडानं तिच्यासाठी दुसरं पिल्लू आणलं. पांढऱ्या पायांचं, मोठं द्वाड. तोवर कळप चाळिशीच्या घरात गेला होता आणि एकट्या बाईला खडखडत फिरणं झेपेना. पिल्लू सहा महिन्यांचं झालं, मेंढरांमधून उधळलं, आणि गुंडा खोपटाच्या खुंटीवरून मला काढून घेऊन आला. त्यानं दोरी नीट केली, पिल्लाला गुडघ्यांत धरलं.

सुलाबाई चुलीपाशी होती. ती उठून आली आणि तिनं मला त्याच्या हातातून काढून घेतलं.

"ह्येच्या गळ्यात न्हाई."

"आवं वैनी, मंग ह्ये शिकणार कसं? खडक्या ह्येच्यानंच शिकला न्हवं?"

"शिकला की," ती म्हणाली. "पाडव्यालाच शिकला व्हता. त्येला सगळं येत व्हतं, भावजी. मलाच सोडाया आलं न्हाई."

आणि तिथंच खाली बसून, मला मांडीवर घेऊन, ती रडली. कोंडीबा गेला तेव्हापासूनचं ते साठलेलं होतं. गुंडा घाबरून गेला. पिल्लू तिच्या पायांत शिरलं. ती पदर तोंडाला न लावता, मोठ्यानं, पोटातून रडत राहिली. माझं अंग तिच्या डोळ्यांतल्या पाण्यानं भिजलं, आणि खडक्याबरोबरच्या पावसाळ्यातही मी इतका ओला कधी झालो नव्हतो.

त्या पिल्लाला तिनं लोढणं न बांधताच शिकवलं. वर्ष जास्त लागलं. दोन कोकरं लंगडी झाली, एकदा पाणंदीतल्या शेतकऱ्याच्या शिव्या खाव्या लागल्या. तिनं खाल्ल्या. ते कुत्रं पुढे चांगलं निघालं, पण खडक्याइतकं नाही, हे सुलाबाईही म्हणायची.

मी आता खोपटात रांजणाखाली टेकण म्हणून असतो. पाणी घ्यायला ती रोज येते. माझ्याकडे मुद्दाम बघत नाही आणि मला फेकूनही देत नाही. मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल. कुणाला तरी शिकवाल, कुणाच्या तरी गळ्यात त्याच्या भल्यासाठी म्हणून काहीतरी बांधाल. बांधू नका असं मी म्हणत नाही, मला तेवढी अक्कल नाही. एवढंच मागतो, की रोज एकदा त्याच्याकडे नीट बघा. आणि ज्या दिवशी तो तयार झालेला दिसेल, त्याच दिवशी गाठ सोडा. कुठल्या सणाची वाट बघू नका.